बरोबरीत सुटलेला सामना आणि एकटा पडलेला गोलकीपर

गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी आंतरमहाविद्यालयीन हॉकी स्पर्धा झाली. आमच्या तालुक्यातल्या कॉलेजचा संघ बऱ्याच वर्षांनी तिथे पोहोचला होता. साखळीतला पहिला सामना आमच्या मुलांनी जिंकला. दुसरा २-२ असा बरोबरीत सुटला. जिंकल्याचे तीन गुण, बरोबरीचा एक, असे चार गुण हातात होते आणि एक सामना बाकी होता. हिशेबाने पाहिलं तर वाईट काहीच घडलं नव्हतं. तरीही त्या संध्याकाळी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर जी चर्चा सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. मी त्या चर्चेत बसलो होतो. ऐकत होतो आणि गप्प होतो. त्या गप्प बसण्याची टोचणी लागली म्हणून आज हे लिहितोय.

आमचा गोलकीपर माझा जुना विद्यार्थी. सातवीपर्यंत उर्दू शाळेत होता, पुढे मराठी माध्यमात गेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या नावाची चर्चा आधीच पुरेशी झाली आहे.

आधी सामना कसा झाला ते सांगतो, कारण टपरीवर नेमकं तेच कुणी सांगत नव्हतं. मध्यंतरापर्यंत आम्ही २-० ने पुढे होतो. तिसऱ्या सत्रात त्यांनी एक गोल फेडला. शेवटच्या मिनिटाला आमच्या एका बचावपटूच्या पायाला चेंडू लागला आणि त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, थांबला, त्यांच्या मुलाने जमिनीलगत ड्रॅग फ्लिक मारली. आमच्या गोलकीपरच्या डाव्या पॅडला चाटून चेंडू फळीवर आदळला. २-२. शिट्टी झाली, खेळ संपला.

ज्यांना हॉकीची फार माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी बचाव करणाऱ्या संघाचे फक्त पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात. त्या पाचांत गोलकीपरही आला. बाकीच्यांना मैदानाच्या मधल्या रेषेपलीकडे जावं लागतं. समोर हल्ला करणारे त्याहून जास्त असू शकतात. चेंडू आत येईपर्यंत बचावाच्या कुणालाही रेषा ओलांडता येत नाही. म्हणजे हा प्रसंग मुळातच बरोबरीचा नसतो. नियमानेच एका बाजूचं पारडं जड केलेलं असतं, कारण चूक दुसऱ्या बाजूकडून झालेली असते. आणि ती चूक बहुतेक वेळा गोलकीपरची नसते.

आमच्या संघालाही त्या दिवशी पाच पेनल्टी कॉर्नर मिळाले होते. त्यातला एकच सत्कारणी लागला, चार वाया गेले. आमच्या बाकावर फक्त तीन मुलं होती, त्यातला एक राखीव गोलकीपर. म्हणजे मैदानावरच्या दहा जणांना दम खायला बदली फक्त दोन. हॉकीत हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा खेळाडू बदलता येतात. समोरचा संघ सारखी ताजी मुलं आत पाठवत होता. आमची मुलं चौथ्या सत्रात चालत होती. शिवाय आमचा सराव मुरमाच्या मैदानावर आणि सामना टर्फवर. मुरमावर चेंडू खड्याला लागून उडतो, टर्फवर सरळ सुसाट येतो. वर्षभर एका वेगाची सवय आणि परीक्षा दुसऱ्याच वेगाची. शिक्षक म्हणून मला हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे.

एवढ्या गोष्टी बोलण्यासारख्या होत्या. टपरीवर सुरुवातही ठीक झाली. एक जण म्हणाला, लीड घेतल्यावर पोरं मागे का सरकली? दुसरा म्हणाला, कोचने सेंटर हाफला बाहेर काढलं तिथे घोटाळा झाला. तिसरा म्हणाला, अहो, बरोबरी म्हणजे काय हार आहे का? इथपर्यंत हॉकीची चर्चा होती. खेळ पाहणाऱ्याने वाद घालायलाच हवा. मुलं खेळली आणि गावात कुणी बोललंच नाही, तर ते जास्त वाईट.

मग कुणीतरी मोबाइल काढला. त्यात एक फोटो होता. सामना संपल्यावर आमचा गोलकीपर आणि शेवटचा गोल मारणारा मुलगा एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे. तो गोल मारणारा मुलगाही मुसलमान. दोघे शाळेत असताना जिल्ह्याच्या एकाच संघातून खेळलेले, ही गोष्ट टपरीवर एकाला तरी माहीत होती. ती मला माहीत होती. फोटो हातोहात फिरला. एक जण हसत म्हणाला, "बघा, आपल्याच माणसाला गोल दिला की." दोघे-तिघे हसले. चेष्टाच होती, असं नंतर मला सांगण्यात आलं. मी चहा संपवला, पैसे दिले आणि उठलो.

त्या लोकांबद्दल तक्रार करून थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता, आणि आपल्यापैकी अनेकांना आवडलाही असता. पण मी तिथून मोहल्ल्यात आलो, आणि तिथे जे ऐकलं ते काही कमी नव्हतं. मशिदीबाहेर एक बुजुर्ग मला थांबवून म्हणाले, "सर, अपनेच छोकरे ने नाक कटाया. एक मौका मिला था." दुसरे म्हणाले, "अब लोगाँ क्या बोलेंगे?" लोक काय बोलतील याची काळजी करणाऱ्यांपैकी एकानेही, पोरगा घरी आला का, जेवला का, हे विचारलं नाही.

तिकडे तो गद्दार असल्याची चेष्टा, इकडे तो समाजाची इज्जत घालवणारा. बोलणारे वेगळे, पण दोघांनी एकच गोष्ट केली. त्याला गोलकीपर राहू दिलं नाही. तो एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, समोरून सुसाट येणारा चेंडू पायाने अडवण्याचं अवघड काम करतो, एवढंच त्याचं त्या मैदानावरचं काम. आपण त्याच्या खांद्यावर अख्खा समाज बसवला आणि मग म्हणालो, डावा पाय थोडा उशिरा हलला.

यात मीही आहे. त्या रात्री मी त्याला फोन केला. पहिलं वाक्य काय बोललो असेन? "अरे, तेवढा एक अडवायला हवा होतास रे." प्रेमानेच बोललो. तो म्हणाला, "हो सर." बस्स, एवढंच. आधीच्या तीन सत्रांत त्याने अडवलेले चेंडू मी स्वतः बघितले होते. त्यातल्या एकाचाही उल्लेख माझ्या तोंडून निघाला नाही.

तिसऱ्या सामन्यात तो उतरला नाही. मन लागत नाही, असं त्याने कोचला सांगितलं. राखीव गोलकीपर खेळला, आम्ही ३-१ ने हरलो आणि स्पर्धेतून बाहेर पडलो. आता लक्ष द्या. त्या ३-१ च्या पराभवाची चर्चा जेमतेम अर्धा दिवस चालली. त्या दुसऱ्या मुलाला लोक म्हणाले, कच्चा आहे, अजून शिकायला हवं. विषय संपला. त्याला वाईट गोलकीपर असण्याची मुभा मिळाली. तीन गोल खाऊनही तो फक्त एक खेळाडू राहिला. दोन गोल खाल्लेला आमचा मुलगा मात्र महिनाभर एक प्रश्न बनून राहिला आहे. माझं दुखणं हे आहे. टीका नको, असं मी म्हणत नाही. त्या दुसऱ्या मुलाच्या वाट्याला आली तेवढीच आणि तशीच टीका याच्याही वाट्याला यावी, एवढंच म्हणतो.

हे आपल्या गावापुरतं नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून ७-१ असा हरला. सात गोल एकटा गोलकीपर खात नाही, त्याच्या पुढे दहा जण खेळत असतात. पण दोष आला तो गोलकीपर मीर रंजन नेगी यांच्यावर. पैसे घेतले, सामना विकला, असे आरोप झाले. त्यांच्या नावातल्या 'मीर' या शब्दावरूनही लोकांनी तर्क लढवले. ते मुसलमान नव्हते, पण संशयाला चौकशीची गरज लागत नाही, एक शब्द पुरतो. नेगींची भारतासाठी खेळण्याची कारकीर्द तिथेच संपल्यासारखी झाली.

सोळा वर्षांनी, १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारत पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. कर्णधार होते आपल्या खडकीचे धनराज पिल्ले. दक्षिण कोरियाविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. गोलकीपर आशिष बल्लाळ यांनी दोन स्ट्रोक अडवले. भारताला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळालं. त्या संघातल्या गोलकीपरांना तयार करणारे प्रशिक्षक होते मीर रंजन नेगी. पुढे 'चक दे! इंडिया' आला. त्यातल्या कबीर खानची गोष्ट आपण थिएटरात टाळ्या वाजवून पाहिली. टाळ्या वाजवणं सोपं होतं, कारण तिथे चूक दुसऱ्या कुणीतरी केलेली होती.

ज्यांना बरोबरीचं एवढं वाईट वाटलं त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये भारताने साखळीत पोलंडशी २-२ आणि स्पेनशी २-२ अशी बरोबरी केली होती. त्या दोन सामन्यांनंतर संघावर फुली मारली असती तर? त्याच संघाने अंतिम सामन्यात त्याच स्पेनला ४-३ ने हरवून सुवर्ण आणलं. अनेक तगडे देश बहिष्कारामुळे आले नव्हते हे खरं, पण आज त्या दोन बरोबऱ्या कुणाला आठवतात? २०२४ मध्ये पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत भारत ब्रिटनविरुद्ध दहा खेळाडूंनिशी चाळीस मिनिटांहून जास्त वेळ झगडला, १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआउटमध्ये जिंकला. त्या बरोबरीला आपण पराक्रम म्हटलं. बरोबरीचा अर्थ पुढचा सामना ठरवतो. आमच्या मुलांना पुढचा सामना मोकळ्या मनाने खेळायला मिळालाच नाही, निकाल टपरीवर आधीच लागला होता.

आणि १९७५ च्या विश्वचषकातला क्वालालंपूरचा उपांत्य सामना? मलेशियाविरुद्ध भारत १-२ ने मागे होता. शेवटची मिनिटं चालू असताना अस्लम शेर खान यांना बाकावरून उठवून मैदानात पाठवलं. त्यांनी गळ्यातल्या तावीजचं चुंबन घेतलं आणि ६५ व्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर गोल करून बरोबरी साधली. जादा वेळेत भारत जिंकला आणि पुढे विश्वविजेता झाला. ही गोष्ट आपण मोहल्ल्यात मुलांना फार अभिमानाने सांगतो. मीही वर्गात सांगतो. आता वाटतं, सांगताना एक वाक्य राहून जातं. तो फटका चुकला असता तरी ते तेवढेच चांगले खेळाडू आणि तेवढेच भारतीय राहिले असते. गोल झाला म्हणून आम्ही देशाचे, हुकला तर आम्ही कुणीच नाही, हा सौदा आपण आपल्या पोरांच्या माथी का मारायचा? दुसरे मारतात म्हणून रडायचं आणि आपणही तोच मारायचा?

मराठीत 'बरोबर' या शब्दाचे तीन अर्थ मी मुलांना शिकवतो. बरोबर म्हणजे अचूक. बरोबर म्हणजे समान. आणि बरोबर म्हणजे सोबत. आमच्या उर्दूतल्या 'बराबर'चंच हे भावंड. त्या संध्याकाळी फळ्यावर समान गुण लागले होते. सगळ्यांना अचूक खेळ हवा होता. सोबतीचा अर्थ मात्र कुणालाच आठवला नाही, शिकवणाऱ्यालाही नाही.

इज्जतीबद्दल बोलणाऱ्यांना एक रोकडा प्रश्न. आमचा मुलगा जे पॅड आणि हेल्मेट घालून खेळतो ते कॉलेजच्या जुन्या सामानातले आहेत. डाव्या पॅडचा पट्टा तुटला आहे, तो सुतळीने बांधतो. गोलकीपरचं पूर्ण किट स्टिकपेक्षा कितीतरी महाग येतं, त्याच्या वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानातून ते निघणार नाही. सत्काराच्या शाली आणि ट्रॉफ्यांसाठी आपल्याकडे वर्गणी जमते. इज्जत एवढी मोलाची असेल तर एक पट्टा तरी बदलून देऊ या.

आणि माझ्या टपरीवरच्या मित्रांनो, तुम्हीही हे वाचता हे मला माहीत आहे. आपली चेष्टा गावात कुठवर पोहोचली ते तुम्हाला ठाऊक नसेल. ती त्याच्या आईपर्यंत पोहोचली. पुढच्या वेळी त्याने सोपा गोल खाल्ला तर बेलाशक म्हणा, पोरगा चुकला. मीही तुमच्या बाजूने बोलेन. पण त्याने का खाल्ला याचं उत्तर त्याच्या पायात शोधा, त्याच्या नावात शोधू नका.

मागच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. जे फोनवर बोललो होतो त्याची माफी मागितली. शिक्षकाने माफी मागितली की मुलं अवघडतात, तोही अवघडला. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, तो कॉर्नर कुणाच्या पायामुळे गेला ते मला माहिताय. मी कुणाला सांगितलं नाही. त्याच्याही घरी आई आहे."

सरावाला परत जाणार का, हे त्याने अजून ठरवलेलं नाही. मी विचारलंही नाही. फक्त सांगितलं की सोमवारी संध्याकाळी मी मैदानावर येऊन बसणार आहे.