‘दुधाचेच दात, पडणारच आहेत!’

‘मॅडम, दुधाचेच दात आहेत ना, पडणारच आहेत की!’ हे वाक्य मी सरकारी रुग्णालयाच्या बालरुग्ण ओपीडीत गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. आजी म्हणते, आई म्हणते, इंजिनीअर असलेले वडीलही म्हणतात. क्वचित एखादा डॉक्टर म्हणतो, तेव्हा मात्र मला राग येतो. कारण या एका वाक्यामुळे दोन-अडीच वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ बघायची राहून जाते आणि ते मूल पुढे ती तशीच घेऊन जगतं.

जरा हिशेब करू. दुधाचे दात एकूण २०. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, बहुधा खालचा पुढचा. अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे आलेले असतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे अडीच वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर ती ‘पडायला’ अजून आठ-नऊ वर्षं आहेत. आपल्यापैकी कोण एवढी वर्षं किडलेल्या दाढेनं जेवेल? शिवाय दुधाची दाढ ही खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून ठेवते. ती वेळेआधी काढावी लागली, तर सहाव्या वर्षी तिच्या मागे येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि नंतरच्या दातांना जागा उरत नाही. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर खाली घडत असलेल्या कायमच्या दाताच्या कवचालाही इजा होऊ शकते.

मी दातांची डॉक्टर नाही. माझ्याकडे ही मुलं दातासाठी येतही नाहीत. ती येतात ‘जेवत नाही’ म्हणून, ‘वजन वाढत नाही’ म्हणून, ‘रात्री रडत उठतो’ म्हणून. दोन वर्षांच्या मुलाला ‘दाढ दुखते’ असं सांगता येत नाही. ते घास गालात धरून ठेवतं, एकाच बाजूनं चावतं, भाकरी-पोळी ढकलून देऊन फक्त मऊ, पातळ मागतं, गार पाणी प्यायलं की दचकतं. घरचे म्हणतात, हट्टी झालाय. मग भूक लागायचं टॉनिक मागितलं जातं, आणि ते बहुतेक वेळा साखरेच्या पाकातलं असतं! काही मुलं याच्याही पुढच्या टप्प्यावर येतात: एका बाजूचा गाल सुजलेला, ताप, तोंड उघडत नाही. त्यांना भरती करून शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. इतक्या मुलांना होणारा हा आजार आपण आजारात मोजतच नाही.

कीड म्हणतो खरं, पण दातात किडा वगैरे काही नसतो. तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लानं दाताच्या कवचातले क्षार विरघळतात. प्रत्येक गोड घासानंतर किंवा घोटानंतर हे साधारण अर्धा तास चालतं, मग लाळ हळूहळू ते आम्ल धुऊन काढते आणि क्षार पुन्हा भरायला लागते. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. जेवणासोबत एक लाडू खाल्ला तर दात सावरतो. पण दिवसभर हातात बिस्किट, मधूनच चहात बुडवलेलं टोस्ट, मधूनच ज्यूसच्या डब्याची नळी, असं चाललं तर लाळेला सवडच मिळत नाही. त्यात दुधाच्या दाताचं कवच कायमच्या दातापेक्षा पातळ, त्यामुळे कीड भराभर आत जाते.

सगळ्यात वाईट म्हणजे रात्रीची बाटली. झोपेत लाळ कमी होते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं की वरच्या पुढच्या दातांभोवती ते गोड दूध तासन्‌तास साचतं. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते म्हणून ते बहुधा वाचतात. त्यामुळे वरचे चार दात किडून खुंट झालेले आणि खालचे मात्र शुभ्र असं तोंड दिसलं, की मी आईला ‘रात्री बाटली देता का?’ असं न विचारता ‘बाटली किती वाजेपर्यंत असते?’ असंच विचारते. बोंडल्यानं दूध पाजणाऱ्या आपल्या आज्यांकडे बाकी काही नसेल, पण निदान बोंडलं तोंडात ठेवून बाळ झोपवता येत नव्हतं.

इथे एक गैरसमज व्हायला नको. स्तनपान थांबवा, असं मी अजिबात म्हणत नाही. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही आईचं दूध द्यावं. दात आल्यावर, विशेषतः वर्षानंतर, रात्रभर पाजायची सवय असेल तर झोपण्याआधी दात स्वच्छ असले पाहिजेत, एवढंच. दोष दुधाला देऊ नका, दिवसभर खाल्लेल्या बिस्किटाचा लगदा दातांवर ठेवून झोपवण्याला द्या.

दात ‘येण्याबद्दल’ही बोलायला हवं, कारण त्यापायी होणारं नुकसान कधीकधी जिवावर बेततं. वरचे दात आधी आले की मामाला जड, ही समजूत निरुपद्रवी आहे, फार तर मामाला चांदीची वाटी द्यावी लागते. पण ‘दात येतायत म्हणून जुलाब होतायत’ ही समजूत तशी नाही. दात येताना लाळ गळते, हिरडी शिवशिवते, मूल किरकिर करतं, अंग किंचित कोमट लागतं. सणकून ताप आणि पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते आणि मूल हाताला लागेल ते तोंडात घालू लागतं. जुलाब त्यामुळे होतात. डोळे खोल गेलेली, जीभ कोरडी पडलेली बाळं आमच्याकडे येतात आणि सोबतचे शांतपणे सांगतात, ‘काही नाही मॅडम, दात येतायत.’ अशा वेळी दातांची वाट पाहू नका. जलसंजीवनी सुरू करा आणि डॉक्टरांकडे या. हिरडीला बधिर करणारी जेलही चोळू नका. त्यातल्या बेन्झोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्याविरुद्ध इशारा दिला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणंही नको. गार केलेलं स्वच्छ ओलं फडकं चावायला दिलं तरी पुरतं.

आता काय करायचं ते. पहिला दात दिसला त्या दिवसापासून घासायचा. त्याआधी पाजून झाल्यावर ओल्या मऊ फडक्यानं हिरड्या पुसल्या तर बाळाला तोंडात बोट गेल्याची सवय होते. दात आला की लहान मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली पेस्ट, तीही तांदळाच्या दाण्याएवढी. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी मोठ्यांनाही लागत नाही. ‘गिळेल ना!’ म्हणून पालक बिनफ्लोराइडची रंगीत, स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट आणतात. पण दाण्याएवढ्या पेस्टमध्ये फ्लोराइड इतकं थोडं असतं, की ती गिळली तरी बिघडत नाही, आणि दाताचं संरक्षण करतं ते फ्लोराइडच. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंत असू शकतं आणि ते वेष्टनावर छापावं लागतं. वाचून घ्या, साधारण १००० असलेली मोठ्यांची साधी पेस्ट चालते आणि ती स्वस्तही पडते. पेस्ट मुलाच्या हाती मात्र देऊ नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी आधी पिण्याचं पाणी तपासून घ्यावं आणि पेस्टबद्दल दातांच्या डॉक्टरांना विचारावं.

दिवसातून दोनदा घासा, पण जमत नसेल तर रात्रीचं चुकवू नका. आणि घासायचं मोठ्यांनी. मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत त्याच्या हाताला ते कसब नसतं. मांडीवर डोकं घेऊन वरून घासलं की सगळे दात दिसतात. मूल रडेल. रडताना तोंड उघडं असतं, तेवढीच सोय. घरात कुणी मिसरी लावत असेल तर तिचं बोट बाळाच्या हिरडीला लागू देऊ नका. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, मंजण नव्हे.

इथपर्यंत मी पालकांना सांगितलं. पण सगळा भार त्यांच्यावर टाकणं मला पटत नाही, कारण आमच्या यंत्रणेचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात तपासायच्या आजारांच्या यादीत दात किडणं आहे. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात. पण वर्ष-दीड वर्षाचं मूल त्या दिवशी अंगणवाडीत असेलच असं नाही, आणि पुढचे दात किडायला सुरुवात होते ती याच वयात. ते मूल हमखास भेटतं लसीकरणाच्या दिवशी. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस, सोळा ते चोवीस महिन्यांत पुढचा डोस. दोन्ही वेळा, आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, जीवनसत्त्व ‘अ’चा डोस तोंडावाटे दिला जातो. म्हणजे प्रत्येक मुलाच्या तोंडात आरोग्यसेविकेचा चमचा जातोच, पण त्या तोंडात पाहण्याचं काम कुणाला दिलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की डोस देतानाच वरचा ओठ अंगठ्यानं उचलून पाहावं. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती कीडीची सुरुवात आहे. या टप्प्यावर फ्लोराइड आणि रात्रीच्या बाटलीला सुट्टी एवढ्यावर दात सावरू शकतो. रेघ पिवळी-तपकिरी होऊन खड्डा पडला, की तो आपोआप भरत नाही. हे पाहायला अर्धं मिनिट लागतं. माता व बाल संरक्षण कार्डावर वजनाशेजारी ‘दात पाहिले’ असा एक रकाना हवा. आरोग्यसेविकांवर आधीच नोंदींचा डोंगर आहे आणि नवा रकाना सुचवताना मला संकोच वाटतो. तरीही सुचवते, कारण आज हे काम न झाल्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते. दोन वर्षांच्या मुलाचे सहा-सात दात किडले, की त्याला खुर्चीत बसवून उपचार करता येत नाहीत, अनेकदा पूर्ण भूल द्यावी लागते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे होतं, पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आईनं मजुरी बुडवून तिथे पोहोचायचं कसं?

जवळचा उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रावण किडलेल्या जागेवर नुसतं लावलं, तर बऱ्याच दातांची कीड तिथेच थांबते. ड्रिल नको, सुई नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. जिथे दातांचे डॉक्टर आहेत अशा प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात त्याची बाटली असायला हवी. त्याची एक अडचण आहे: लावलेली किडकी जागा कायमची काळी होते. हे पालकांना आधी सांगायला हवं. काहींना ते नको वाटेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण दुखण्यानं रात्र-रात्र रडणारं मूल आणि काळा डाग असलेलं, नीट जेवणारं मूल यांत निवड करायची, तर बहुतेक आया काय निवडतात ते सांगायला नको.

काळ्या दातांचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं पातळ औषध दिलं जातं. त्यानं दातांवर काळसर थर बसतो. ‘औषधानं दात किडले’ म्हणून आया ते बंद करतात आणि मुलाचं रक्त कमीच राहतं. हा थर वरचा असतो. त्यानं दात किडत नाही आणि दातांचे डॉक्टर तो साफ करून देतात. औषध ड्रॉपरनं जिभेवर मागच्या बाजूला सोडा, वर थोडं पाणी पाजा, आणि ते चालू ठेवा.