तीन सामन्यांचा हिशेब

"गेला होता मोठ्या तोऱ्याने, आला हात हलवीत परत!" हे वाक्य बीदर-कलबुर्गीच्या आमच्या समाजात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात कोणाचा अपमान होतो याची बोलणाऱ्यास जाणीवही नसते. पुण्यास, हैदराबादेस वा बेंगळुरूस गेलेला मुलगा वर्षा-दोन वर्षांनी घरी परतला, की देवळाच्या ओसरीवर त्याच्यासाठी आधी हे वाक्य येते आणि मागाहून तीर्थप्रसाद. मध्यंतरी हेच वाक्य आम्ही सुनील छेत्री या फुटबॉलपटूविषयी ऐकले. बोलणारे गृहस्थ चांगले शिकलेले, नित्यनेमाने दत्तदर्शन घेणारे होते. म्हणूनच या वृत्तीचा समाचार घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम वस्तुस्थिती. आघाडीवर खेळणारा छेत्री परदेशी क्लबांत फारसा खेळला नाही हे खरे आहे, आणि ते झाकण्याचे आम्हांस कारण नाही. २००९ साली लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबाने त्यास घेण्याचे ठरविले; परंतु भारताचा संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नाही, या कारणास्तव त्यास तेथे कामाचा परवाना नाकारण्यात आला. २०१० साली तो अमेरिकेतील कॅन्सस सिटी विझार्ड्स या संघात गेला. तेथे चषकाच्या एका सामन्यात तो उतरला, मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मैत्रीच्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून आला. पण मुख्य साखळी स्पर्धेत त्यास एकही सामना मिळाला नाही. २०१२ साली पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबाने त्यास घेतले. त्यांच्या दुसऱ्या फळीच्या संघाकडून तीन सामने खेळून २०१३ च्या प्रारंभी तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला. गोलांचा रकाना कोरा राहिला.

येथवरचा हिशेब टीकाकार तोंडपाठ म्हणून दाखवितात. पुढचा मांडीत नाहीत. त्याच हंगामात चर्चिल ब्रदर्सने राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली. २०१३ सालीच निघालेल्या बेंगळुरूच्या नव्या संघाचा तो कर्णधार झाला, आणि त्या संघाने पहिल्याच हंगामात तीच स्पर्धा जिंकली. जून २०२४ पर्यंत देशासाठी त्याचे ९४ गोल झाले होते. परदेशी बाकावर बसल्यामुळेच हे घडले, असे आम्ही म्हणत नाही; ते दुसऱ्या टोकाचे अज्ञान ठरेल. आमचे म्हणणे एवढेच की, अठ्ठाविसाव्या वर्षी परतलेल्या माणसावर ज्यांनी तेव्हा शिक्का मारला, त्यांनी पुस्तक अर्ध्यावरच मिटले.

कोणी म्हणतील, "पण तो आपला कोण?" सीमाभागातील माणसाने तरी हा प्रश्न जपून विचारावा. छेत्रीचा जन्म सिकंदराबादचा. ते सिकंदराबाद, आमचे बीदर आणि तेव्हाचे गुलबर्गा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. त्याच हैदराबादच्या पोलीस संघाने सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. पुढे रहीमसाहेबांच्याच हाताखालील भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. हा वारसा आमचाही आहे. नकाशावरील रेघ बदलली म्हणून कौतुकाचा अधिकार बदलत नाही. माणिकनगरास माथा टेकणाऱ्या आम्हांस सकलमताची शिकवण ठाऊक आहे. ती केवळ आरतीच्या वेळेपुरती असेल तर गोष्ट निराळी.

दुसरा आक्षेप असा की, देवस्थानाने चेंडूच्या भानगडीत का पडावे? समर्थांनी गावोगावी मारुती स्थापिले, ते केवळ शनिवारी तेल वाहण्यासाठी नव्हेत. बलोपासना हा त्या स्थापनेचा अर्थ होता. आमच्या जत्रांत कुस्त्यांचा फड अजून भरतो. तेथे रेवड्यांवर लढणाऱ्या पोरास कोणी हिणवीत नाही. कारण मानाची कुस्ती खेळणारा मल्लही एके काळी रेवड्यांवरच लढला, हे सर्वांस माहीत असते. मग हा समजूतदारपणा फडाबाहेर पडताच कोठे जातो?

आम्हांस तरुणांसही दोन शब्द सुनावावयाचे आहेत. परदेशी क्लबाचा सदरा अंगावर मिरवायचा, पहाटेपर्यंत जागून त्याचे सामने पाहायचे, आणि आपल्याच देशाचा खेळाडू तेथे बाकावर बसला तर त्याची थट्टा करावयाची, याला रसिकता म्हणत नाहीत. विजयी संघाच्या मागे धावण्यास काही लागत नाही. ज्याचे नाव यादीत शेवटी येते, किंवा येतच नाही, त्याची वर्षानुवर्षे आस्थेने चौकशी करणे याला निष्ठा लागते.

गाणगापुरास जाणाऱ्या भक्तांस तर हे सांगावयास नको. तेथे मोठमोठे अधिकारीही झोळी घेऊन माधुकरी मागतात. एखाद्या दारी भिक्षा मिळाली नाही, तर पुढच्या दारी जातात. त्या भक्तास "फसला, परत आला" असे कोणी म्हणत नाही. दार ठोठावणे हेच तेथे व्रत आहे. छेत्रीने लंडन, कॅन्सस आणि लिस्बन अशी तीन दारे ठोठावली. एक उघडलेच नाही, दोन किलकिली झाली. तेवढ्यावरून आम्ही त्यास हसावे, आणि निर्गुण पादुकांसमोर मात्र विनम्र व्हावे, हे दोन्ही एका माणसास शोभत नाही.

तेव्हा देवस्थानांच्या विश्वस्तांस आमचे स्पष्ट सांगणे आहे. उत्सवाच्या व्यासपीठावर परदेशी स्थायिक झालेल्यांस शाल-श्रीफळ अवश्य द्यावे; पण एखादे श्रीफळ, बाहेर जाऊन प्रयत्न करून परतलेल्या मुलासाठीही राखून ठेवावे. देवळामागची मोकळी जागा गाळ्यांसाठी भाड्याने देण्यापूर्वी, संध्याकाळी तेथे खेळणाऱ्या पोरांचा विचार व्हावा. आणि ओसरीवर बसणाऱ्या आम्हा सर्वांनी ते एक वाक्य कायमचे टाकावे. परतलेल्या मुलास, "काय मिळविलेस?" असे विचारण्याऐवजी, "काय पाहून आलास? इथल्या पोरांना शिकवशील का?" असे विचारावे. हे दोन प्रश्न ज्या दिवशी आमच्या तोंडी येतील, त्या दिवशी त्या मुलास देवळाची पायरी चढताना मान खाली घालावी लागणार नाही.