तळ्याला काम द्या

रविवारचा आऊटपास मिळाला की कुठे जायचे, यावर आमच्या डॉर्मिटरीत दोन पक्ष पडतात. एक मॉलचा, दुसरा बिर्याणीचा. मी तिसऱ्या पक्षात आहे आणि त्या पक्षात सध्या आम्ही तिघेच आहोत. आम्ही तळी बघतो. गेल्या दोन वर्षांत कधी सरांबरोबर, तर कधी भेटायला आलेल्या घरच्यांना घेऊन मी अलसूर, सँकी, लालबाग, हेब्बाळ आणि जक्कूर ही तळी पाहिली. तळी वाचवायची म्हटले की मोठी माणसे लगेच सांगतात, काठावर छान बाग करा, जॉगिंग ट्रॅक करा, बाके टाका. मला ते पुरेसे वाटत नाही. माझे मत असे आहे की तळे बागेमुळे टिकत नाही, कामामुळे टिकते.

आधी बंगळुरूत एवढी तळी का, ते पाहू. हे शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच पठारावर आहे आणि त्याच्या जवळून एकही मोठी नदी वाहत नाही. 1537 मध्ये केंपेगौडांनी किल्ला आणि पेठ वसवली, तेव्हा पाण्यासाठी तळीही बांधली. 1638 मध्ये शहाजीराजांना बंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हाही इथली वस्ती तळ्याविहिरींच्याच पाण्यावर जगत होती. ही तळी आपोआप झालेली नाहीत. उतारावर मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे. तळे भरले की सांडव्यावरून जादा पाणी खालच्या तळ्यात सोडायचे, ते भरले की त्याच्या खालच्या. तळ्याला कन्नडमध्ये ‘केरे’ म्हणतात आणि तळी जोडणाऱ्या मुख्य कालव्याला ‘राजकालुवे’. कालुवे म्हणजे आपला कालवाच. मॅप रीडिंगच्या तासाला आपण कंटूर रेषा वाचायला शिकतो. बंगळुरूचा नकाशा तसा वाचला तर ही तळी रिले शर्यतीतल्या धावपटूंसारखी एकाच्या खाली एक उभी असलेली दिसतात.

मग ही साखळी तुटली कुठे? उत्तरासाठी आपल्याला लांब जायला नको. ज्या मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून आपण सुट्टीला घरी जातो, ते केंपेगौडांचे धर्मांबुधी तळे होते. अशोकनगरचे फुटबॉल स्टेडियम शूले तळ्याच्या जागी आहे. हॉकी स्टेडियम अक्कितिम्मनहळ्ळी तळ्याच्या जागी आहे. कंठीरवा स्टेडियमच्या जागी संपंगी तळे होते. 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी खेळाडूंची वसाहत बांधली, ती कोरमंगला तळ्यात. म्हणजे नुसत्या खेळासाठीच या शहराने चार तळी बुजवली. मैदानावर घाम गाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी हे माहीत करून घ्यायला हवे. मुंबईच्या मित्रांनी यावर हसू नये. धोबीतलावात तलाव नाही, आणि 1942 चे ‘चले जाव’ आंदोलन जिथून सुरू झाले ते गोवालिया टँकही तळे बुजवून केलेलेच मैदान आहे.

संपंगी तळ्याची गंमत अशी की त्याचा एक छोटा तुकडा आजही कंठीरवाजवळ शिल्लक आहे. तो वाचला, कारण बंगळुरूच्या करगा उत्सवातल्या विधींना तो लागतो. सगळे तळे गेले आणि ज्या तुकड्याला काम होते तेवढा राहिला. माझ्या मताला याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

तळ्यांचे काम गेले ते नळामुळे. 1890 च्या दशकात हेसरघट्टाहून शहरात नळाचे पाणी येऊ लागले. 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले. आता कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून पंपाने चढवून आणतात. नळ आला हे चांगलेच झाले. पण तळ्याचे पाणी प्यायचे नाही असे ठरल्यावर ते स्वच्छ ठेवण्याची गरजही लोकांना वाटेना. पिण्याच्या पाण्यात कोणी कचरा टाकला तर भांडण होते. बघायच्या पाण्यात टाकला तर लोक नाकाला रुमाल लावून पुढे जातात.

सँकी तळ्याचेच पाहा. हे तळे 1882 मध्ये मद्रास सॅपर्सच्या कर्नल रिचर्ड सँकी यांनी बांधवून घेतले. 1875 ते 1877 च्या दुष्काळात लोकांचे जे हाल झाले, ते पुन्हा होऊ नयेत म्हणून एका फौजी इंजिनिअरने केलेली ही तयारी होती. सँकी, मिलर्स आणि धर्मांबुधी ही तळी एकमेकांना जोडलेली होती. आज मिलर्स तळे नाही, धर्मांबुधी नाही, सँकी मात्र आहे. झाडे, फुले, पायवाट, सगळे सुंदर आहे. तिथे फिरायला मलाही आवडते. पण ते तळे मला सेवानिवृत्त सुभेदारासारखे वाटते. मान आहे, सावली आहे, ड्यूटी नाही.

काम गेलेल्या तळ्याची दुसरी गत म्हणजे बेळ्ळंदूर. हे शहरातले सर्वांत मोठे तळे. वरच्या तळ्यांचे स्वच्छ पाणी पोचवण्यासाठी जे कालवे होते, त्यांतूनच पुढे सांडपाणी वाहू लागले. तळ्यावर फेस आला आणि तो रस्त्यावर उडू लागला. 2015 आणि 2017 मध्ये तिथे आग लागली. जानेवारी 2018 मध्ये पुन्हा लागली, तेव्हा ती विझवायला शेजारच्या ए.एस.सी. सेंटरचे जवान उतरले. तळ्याला लागलेली आग विझवायला फौज बोलवावी लागते, हे वाचून आपल्याला लाज वाटायला हवी. उद्या आपल्यापैकी कोणी त्या सेंटरमध्ये अधिकारी असेल. त्याच्यावर ही वेळ येऊ नये, असे वाटत असेल तर विचार आजच करायला हवा. सप्टेंबर 2022 मध्ये हेच शहर पाण्यात बुडाले होते आणि मार्च 2024 मध्ये इथेच टँकरसाठी रांगा लागल्या. पाणी साठवायच्या जागा बुजवल्या की पावसाळ्यात पूर येणार आणि उन्हाळ्यात घसा कोरडा पडणार, हे समजायला मोठे गणित लागत नाही.

माझे आजोळ मालवण तालुक्यात आहे, समुद्रापासून जवळ. तिकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बंगळुरूत त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच. तरीही आमच्याकडे तळी बांधावी लागली, कारण पाऊस चार महिन्यांत पडून व्हाळातून समुद्रात निघून जातो. त्याच तालुक्यातले धामापूरचे तळे 1530 चे, विजयनगरच्या काळातले आहे. केंपेगौडाही विजयनगरचेच मांडलिक होते. म्हणजे सात वर्षांच्या अंतराने, एकाच साम्राज्यात, एक तळे कोकणात झाले आणि एक शहर पठारावर. धामापूरचे तळे डोंगरात आहे, काठाला भगवतीचे मंदिर आहे, बघायला लोक लांबून येतात. पण 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून जो मान मिळाला, तो देखाव्यासाठी नव्हे. तो आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने सिंचनासाठी दिला. पाचशे वर्षांनीही ते तळे ड्यूटीवर आहे.

बंगळुरूतही हे जमते. जक्कूर तळ्याच्या वरच्या बाजूला सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र आहे. सुरुवातीला त्याची क्षमता दिवसाला 1 कोटी लिटरची होती. तिथून निघालेले पाणी आधी पाणवनस्पतींच्या दलदलीतून जाते, आणखी स्वच्छ होते आणि मग तळ्यात येते. तळ्यामुळे आसपासच्या जमिनीत पाणी मुरते. तिथे मासेमारी चालते, पक्षी उतरतात, आणि हो, फिरायला पायवाटही आहे. फरक एवढाच की पायवाट नंतर येते आणि पाणी आधी.

कोणी म्हणेल, निदान बाग आणि कुंपण असले तर बिल्डर तळे गिळत नाही. हे खरे आहे. पुट्टेनहळ्ळीसारख्या ठिकाणी रहिवाशांनी ट्रस्ट करून तळे सांभाळले, ते काठावर रोज लोकांचे पाय लागल्यामुळेच. म्हणून बाग नको असे मी म्हणत नाही. कुंपण म्हणजे सेंट्री, तो हवाच. पण नुसता सेंट्री उभा करून पलटण चालत नाही, तिला रसद लागते. तळ्याची रसद राजकालुव्यातून येते. कालव्यावर घरे बांधली किंवा त्यात गटार सोडले, तर काठावर कितीही गुलाब लावा, आतले पाणी मरणारच.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली शहरासाठी. प्रत्येक तळ्याच्या फाटकावर ‘फुले तोडू नका’ या पाटीशेजारी आणखी एक पाटी लावा: या तळ्यात पाणी कुठून येते, सांडव्यावरून कुठल्या तळ्यात जाते आणि तळे सध्या काय काम करते. तिसरी ओळ कोरी राहिली तर निदान ती कोरी आहे हे सगळ्यांना दिसेल.

दुसरी सूचना आपल्यासाठी. मॅप रीडिंगचा एक तास वर्गात न घेता कालव्याच्या काठाने चालत घ्यावा. मॅजेस्टिककडून के.आर. मार्केट आणि शांतीनगरवरून बेळ्ळंदूरकडे जाणारा राजकालुवे आपल्याला सर्वांत सोयीचा. बेळ्ळंदूरचे पाणी पुढे वर्तूर तळ्यात जाते, तिथून दक्षिण पिनाकिनी नदीत आणि शेवटी तमिळनाडूतून बंगालच्या उपसागराला मिळते. पण सुरुवात आपल्या दारातून करावी. येत्या पावसात परेड ग्राउंडवर पडलेले पाणी कुठल्या बाजूने बाहेर पडते, कुठल्या नाल्याला लागते आणि कुठल्या तळ्यात पोचते, हे ज्या हाऊसला आधी शोधून नकाशावर दाखवता येईल त्याला गुण द्यावेत. आमचे तिघांचे काम सुरू झाले आहे. बाकीच्यांनी वेळेवर यावे.