विकणारा म्हणतो, एकदाच वापरलंय

कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक पुष्कळांनी पाहिली असेल. इथे अमेरिकेत त्याच जातीचं रिव्हॉल्व्हर लोक हौसेने घेतात. कोल्टचं १८५१ चं नेव्ही, रेमिंग्टनचं न्यू मॉडेल आर्मी. अस्सल माल संग्राहकांकडे, बाजारात फिरतात त्या बहुतेक इटलीत, ब्रेशियाच्या बाजूला बनलेल्या प्रतिकृती. १९६८ च्या केंद्रीय कायद्यातल्या बऱ्याच अटी यांना लागू नाहीत. काही राज्यं मात्र कडक आहेत, तेव्हा आधी चौकशी करावी.

माझ्या शेजाऱ्याने असंच एक जुनं नेव्ही आणलं. ‘एकदाच वापरलंय’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. जुनी स्कूटर विकणाराही हेच सांगतो. सिलिंडरच्या सहाही कप्प्यांत बॅटरी मारून पाहिली, तर दोनांत गंजाचे खड्डे. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते. त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून तेल लावलं नाही, की हे होतं. निदान सांगाडा लोखंडी होता. पितळेचा असता तर मी त्याला परत पाठवलं असतं. पितळ भारी बाराने हळूहळू ताणलं जातं आणि सिलिंडरच्या मागच्या भिंतीवर ठसे उमटतात. पितळी पिवळा रंग दिसायला झकास, पण घेऊ नये.

नेव्हीला सिलिंडरवरून जाणारी पट्टी नसते. नळी एका पाचरीवर बसते. ती पाचर बोटाने हलत असेल तर भाव पाडून मागावा. घोडा सावकाश ओढावा. तो पुरता मागे जाताना सिलिंडर ‘खट्’ करून अडकलं पाहिजे.

शेजाऱ्याच्या रिव्हॉल्व्हरची खरी तक्रार वेगळीच होती. घोड्याच्या पहिल्या फटक्याला बार पेटवणारी टोपी फुटायची नाही, दुसऱ्याला फुटायची. शेजारी घोड्याची स्प्रिंग बदलायला निघाला होता. स्प्रिंगचा काही दोष नव्हता. आधीच्या मालकाने टोपीशिवाय घोडा आपटून आपटून टोपी जिथे बसते त्या निपलांची तोंडं चेपून पसरवली होती. त्यावर टोपी तळापर्यंत बसेना. पहिला फटका तिला खाली बसवण्यातच खर्ची पडायचा. सहा नवी निपलं घातली, त्यांच्या मापाच्या टोप्या आणल्या आणि तक्रार मिटली. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याखाली पडून सिलिंडर अडकण्याचा प्रकार अजून अधूनमधून होतो. कोल्टच्या घडणीतच ते आहे. रेमिंग्टनला हा त्रास कमी.

पहिल्यांदाच घेणार असाल तर लोखंडी सांगाड्याचं रेमिंग्टन बघा. हातात घेतल्याबरोबर आधी सहाही कप्पे रिकामे आहेत का ते पाहा. जुन्या मालात बार तसाच राहिलेला असू शकतो. आणि विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी त्यात आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू कधीही भरू नका. सिलिंडर फुटतं.