वापरत नाही ना? मग बंद करा!

मंडळी, "असू दे, कुठे खायला मागतंय?" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले. माळ्यावरच्या पितळी घंगाळाबद्दल ते खरं असेल. लिनक्स सर्व्हरवरच्या न वापरलेल्या फाइलसिस्टम मॉड्यूलबद्दल ते साफ खोटं आहे.

आमचे चिरंजीव याच क्षेत्रातले. त्यांचं म्हणणं, "आई, क्रॅमएफएसचं मॉड्यूल डिस्कवर नुसतं पडून असतं. लोडच झालं नाही तर त्रास कसला?"

नुसतं पडून? अहो, त्या प्रकारची डिस्क कोणी माउंट करायला घेतली की कर्नल स्वतःच ते मॉड्यूल मागवून घेतं, आणि मग ते कर्नलच्या पूर्ण अधिकाराने चालतं. डिस्कवरचा मजकूर मुद्दाम बिघडवलेला असेल आणि त्या जुन्या कोडमध्ये एखादी चूक दडलेली असेल, तर अख्खं यंत्र परक्याच्या हाती जाऊ शकतं. बरं, क्रॅमएफएस आहे कशासाठी? छोट्या उपकरणांच्या रॉमसाठी. त्यात एक फाइल १६ एमबीपेक्षा मोठी चालत नाही. पतपेढीच्या सर्व्हरवर तिचं काय काम?

"ब्लॅकलिस्ट केलंय की!" हे दुसरं उत्तर. तेवढ्याने भागत नाही. त्याने टोपणनावावरून होणारं लोडिंग थांबतं. मॉडप्रोबला थेट नाव सांगितलं की मॉड्यूल हजर! म्हणून 'मॉडप्रोब.डी' मधल्या फाइलीत 'इन्स्टॉल'ची ओळही हवी, म्हणजे मॉड्यूलऐवजी 'फॉल्स' ही काहीच न करणारी आज्ञा चालते.

आता यादी हातात घेऊन डोळे झाकून खुणा करणाऱ्यांनाही दोन शब्द. सुरक्षेच्या याद्यांत स्क्वॉशएफएसही असते, पण उबुंटूची स्नॅप पॅकेजेस तिच्यावरच चालतात. यूईएफआयचं बूट पार्टिशन व्हीफॅटचं असतं. आधी काय वापरात आहे ते बघा, मग कुलूप लावा. घोकंपट्टी मी वर्गातही चालवून घेतली नाही.

आणि जुन्याची एवढी माया कशाला? कर्नलवाल्यांनी स्वतःच जानेवारी २०२५ मध्ये ६.१३ या आवृत्तीतून रायझरएफएस काढून टाकली. त्यांना जे जमलं ते आपल्याला दोन ओळी लिहून जमू नये?

सर्व्हर तुमचा असेल हो, पण त्यातली माहिती ठेवीदारांची असते. "असू दे" म्हणण्याचा अधिकार त्यांनी तुम्हाला दिलेला नाही. असो. चिरंजीव, वाचताय ना?