‘काही करत नाही हो!’

आमच्या घरी ४ किलो वजनाची पॉमेरेनियन कुत्री आहे. शेजारच्या बंगल्यात धिप्पाड अल्सेशियन. सकाळी तो मोकळाच सोडला जातो. तक्रार केली की मालकांचे उत्तर ठरलेले, ‘काही करत नाही हो!’ गेल्या महिन्यात तो आमच्या कुत्रीवर धावून आला. मी तिला चटकन उचलून छातीशी धरले आणि त्याचे दात माझ्या दंडात रुतले. लहान कुत्रे पाळणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते.

वाचकहो, कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. कुत्रे पाळीव असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पोटातली १४ इंजेक्शने केव्हाच बंद झाली; आता लस दंडात देतात. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. लसीचा एकही डोस चुकवू नये, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही.

दोष मी कुत्र्याला देत नाही. मोठे कुत्रे पाळणाऱ्याने त्याला ‘बस’, ‘थांब’ शिकवावे, दरवर्षी लस टोचावी आणि रस्त्यावर साखळी हातात ठेवावी. आमच्यासारख्यांनीही आपले भुंकरे कुत्रे मोकळे सोडू नये. कुत्र्याबाबतच्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण शेजाऱ्यांत पोलीस कशाला? साखळी पुरेशी आहे.