सिकलसेल लपवू नका, पाच दिवस दवडू नका



कोविडची साथ ओसरली, तरी दुर्धर आजार असलेल्यांसाठी तो आजही साधे पडसे नाही. अशा रुग्णांना इंग्लंडमध्ये एनएचएसतर्फे पॅक्सलोविडसारखी विषाणुरोधक औषधे मिळू शकतात. पात्र आजारांच्या यादीत सिकलसेलही आहे. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. म्हणून मँचेस्टरमधील आपल्या कुटुंबांनी ही बाब ध्यानात ठेवावी. केवळ वाहक असणे मात्र पुरेसे नाही.

लग्न जमणार नाही या धास्तीने नागपूरचा तपासणी अहवाल अनेकदा कपाटातच राहतो. मी संगणकप्रणाली लिहितो. जिची नोंद नाही, ती व्यक्ती प्रणालीला दिसतच नाही. तो अहवाल आजच आपल्या जीपीकडे नोंदवा.

पात्र रुग्णास चाचणीचे किट फार्मसीत विनामूल्य मिळते. ते आधीच घरी आणून ठेवा. लक्षणे सौम्य असली तरी लगेच चाचणी करा. निष्कर्ष नकारात्मक आला, तर पुढचे दोन दिवस पुन्हा करा. सकारात्मक येताच जीपी, १११ किंवा आपल्या रुग्णालयातील तज्ज्ञांना कळवा. पॅक्सलोविड लक्षणे दिसल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू व्हावे लागते. कोलेस्टेरॉल वा रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांशी त्याचे जमत नाही. म्हणून भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक औषधांसह सर्व औषधांची यादी सांगा.

जन्माने आलेला आजार कलंक नव्हे. जन्मावरून माणसाला कलंकित ठरवणारी रीत आपण १९५६ साली नागपुरातच नाकारली आहे.

नमो बुद्धाय.